आजची खबर

आमच्या घरात रात्रीचं जेवण झालं की दस्तरख्वान लगेच उचलत नाहीत. ताटं उचलतात, सांडलेली शितं टिपून एका बशीत गोळा करतात, पाण्याचे पेले तेवढे राहू देतात. मग ज्याने त्याने आपापली खबर सांगायची. खबर म्हणजे दोनच गोष्टी. आज काय पाहिलं आणि आज काय खाल्लं. घरातलं जेवण सगळ्यांनी मिळूनच खाल्लेलं असतं, त्यामुळे बाहेर काय तोंडात टाकलं ते सांगायचं. पैशाची गोष्ट काढायची नाही, कुणाची तक्रार करायची नाही, गुडघेदुखीचं गाऱ्हाणं सांगायचं नाही. अब्बांचा तसा नियम होता.

आम्ही म्हणजे बाणकोटच्या खाडीकाठच्या एका गावात राहणारी पाच माणसं. अम्मी, आम्ही दोघं नवराबायको, दहा वर्षांची लेक आणि सहा वर्षांचा मुलगा. याशिवाय घरची म्हणावीत अशी माणसं मुंब्रा, महाड आणि मस्कत अशी पांगलेली. कोकणातल्या मुसलमान घरांत हे नवीन नाही. तुमच्याकडेही असंच असेल.

मरहूम अब्बा जहाजावर सारंग होते. वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर. तेव्हा गावात फोन नव्हता, खत यायचं. त्या खतांत सलाम-दुआ झाली की अब्बा मोठमोठ्या बंदरांबद्दल काही लिहीत नसत. लिहायचे ते असलं काहीतरी : आज भंडाऱ्याने मसूर फार छान केला होता, पण कोकम नव्हतं म्हणून लिंबू पिळलं. एडन सोडल्यावर तिसऱ्या दिवशी डेकवर मुठीएवढा एक पक्षी येऊन पडला, इतका दमलेला की हातात घेतला तरी उडेना. त्याला दोराच्या वेटोळ्यात ठेवला, झाकणात पाणी दिलं, भाताची शितं टाकली. शितांना त्याने तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशी जमीन दिसायच्या आधीच तो उडून गेला. अम्मीला वाचता येत नव्हतं. खत वाचायचं काम मोठेभाईंकडे. ते तेव्हा दहा-अकरा वर्षांचे होते. कंदिलाच्या उजेडात ते मोठ्याने वाचत आणि बाकीचे ऐकत. पक्ष्याची हकिगत अम्मीने त्यांच्याकडून चार वेळा वाचून घेतली होती म्हणे. नवरा ठीक आहे की नाही, हे तिला त्या शितांवरून कळत असावं.

अब्बा कायमचे घरी आले तेव्हा खतं थांबली आणि दस्तरख्वानावरची खबर सुरू झाली.

या खबरीत काय काय येतं ते थोडं सांगायला हवं, कारण बाहेरच्या माणसाला हे फार किरकोळ वाटतं. लेकीने एकदा सांगितलं की शाळेतून येताना विहिरीच्या काठावर खंड्या बसला होता, त्याच्या चोचीत बेडूक होता, आणि तो बेडूक कपडे धुताना आपटावा तसा तो दगडावर आपटत होता. मुलाची खबर बहुतेक वेळा कावळ्याची असते, कारण त्याचं आणि एका कावळ्याचं वैर आहे. वाळत घातलेले बोंबील राखायचं काम त्याच्याकडे. तो कावळा दोरीवरचा एकच बोंबील ओढतो, नेमका टोकाचा, आणि पोरगं धावत गेलं की दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो. फेब्रुवारीत गावाबाहेरच्या मोठ्या वडाला फळं धरली की धनेश येतात. ते दिसायच्या आधी त्यांच्या पंखांचा आवाज येतो, झापाने वारा घालावा तसा. त्यांची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला जवळजवळ लिंपून घेते, फक्त चोचीपुरती फट ठेवते, आणि नर बाहेरून आणून आणून तिला भरवतो. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अम्मी म्हणाली, “चाळीस दिवसांच्या बाळंतिणीचं असंच असतं. फक्त आमच्या वेळेला भरवणारा जहाजावर असायचा.”

खाण्याच्या खबरी वेगळ्याच. होळीच्या सुमारास कुणाच्या तरी घरी ओल्या काजूगरांची उसळ झालेली असते आणि आमच्यातलं कुणीतरी नेमकं त्याच वेळी तिथे ‘सहज’ गेलेलं असतं. पावसाळ्यात चुलीतल्या निखाऱ्यात भाजलेल्या आठळ्या. ओहोटीला खाडीत जाऊन काढलेल्या तिसऱ्या. शेजारच्या काकू मे महिन्यात सांदणं पाठवतात. त्यांची सांदणं बरक्या फणसाच्या रसाची, पिवळीधमक, गोड. आमच्याकडे सांदण म्हणजे तांदळाचं, नारळाच्या रसातलं, पांढरं शुभ्र, वाटीत उकडलेलं, मटणाच्या रश्श्याबरोबर खायचं. नाव एकच, चुली दोन. लहानपणी मोठेभाई काकूंच्या सासूबाईंना सांगून आले होते की तुमची सांदणं बिघडलीत, पिवळी पडलीत. ती गोष्ट काकूंच्या घरात आजही सांगतात.

आता ज्याबद्दल लिहायचं आहे त्याकडे येतो.

डिसेंबर २०१९ मध्ये अब्बांचा इंतकाल झाला. सकाळी गेले, असरनंतर दफन झालं. मोठेभाई मुंब्र्याहून निघाले होते, पण माणगावला वाहनांची रांग लागलेली. ते पोहोचले तेव्हा मगरिबची अजान होत होती आणि कबरीवरची माती ओली होती. त्या दिवशी कुणी त्यांना काही बोललं नाही.

पुढे सहा महिन्यांनी ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. आमच्या किनाऱ्यावर ज्यांनी तो दिवस पाहिला त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगता येणार नाही. दुपारी दोन-अडीच तासांत आगरातल्या सुपाऱ्या आडव्या झाल्या. नारळांचे शेंडे मोडून गेले, नुसते खांब उभे राहिले. परसातला फणस, अब्बांच्या आजोबांनी लावलेला, मुळासकट उपटून न्हाणीघरावर पडला. घराच्या मागच्या बाजूची कौलं गेली, वासे निखळले. आम्ही पाची जण माजघरात पलंगाखाली होतो. अम्मी आयतुल कुर्सी पढत होती आणि मुलगा, तेव्हा तीन वर्षांचा, विचारत होता की कावळा कुठे गेला असेल. नंतर कित्येक दिवस वीज नव्हती. त्याहून जास्त लक्षात राहिली ती शांतता. सकाळी उठलं की एकही पक्षी ओरडायचा नाही. ओरडायला बसणार कशावर?

पाऊस संपल्यावर मोठेभाई आले. घर दुरुस्त करायचं की विकायचं, यावर बोलणं सुरू झालं. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं आज वाटत नाही. जुनं घर, दुरुस्तीला लाखांनी पैसे, आगर झोपलेलं, नवीन नारळ लावला तर हातात यायला सहा-सात वर्षं. विकून महाडला किंवा मुंब्र्याला जागा घ्यावी, अम्मीलाही दवाखाना जवळ पडेल. पण बोलताना ते म्हणाले, “इतकी वर्षं आगराचं उत्पन्न तुम्हीच खाल्लंत.” आणि आमच्या बाजूने उत्तर गेलं, “बापाला माती द्यायलाही तुम्हाला वेळेत येता आलं नाही.” हे शब्द आमच्यापैकी कुणाच्या तोंडून गेले ते सांगण्यात अर्थ नाही. घर एक, तोंड एक. ताटात सुरमई होती, तशीच राहिली. मोठेभाई उठले, बॅग घेतली आणि रात्रीच्या गाडीने गेले.

त्यानंतर अडीच वर्षं बोलणं बंद. अम्मीच्या फोनवर त्यांचा दर जुम्याला फोन यायचा, तो ती पडवीत जाऊन घ्यायची. दर महिन्याला तिच्या खात्यात पैसे यायचे. दोन ईदी आल्या आणि गेल्या. महाडच्या आपाने मध्ये पडून बघितलं, मस्कतच्या भावाने तिकडून समजावलं. आणि एक गोष्ट आमच्या नकळत झाली. दस्तरख्वानावरची खबरही बंद पडली. कुणी ठरवून बंद केली नाही. जेवण झालं की एकेक जण उठून जाऊ लागला, एवढंच. मुलं मोबाइल मागायची, आम्ही द्यायचो. खंड्या विहिरीवर बसतच असेल, पण त्याचं काय ते कुणी घरात आणलं नाही.

जानेवारी २०२३ मध्ये आपाच्या मध्यस्थीने वाटणी ठरली. घर विकायचं नाही, मधोमध भिंत घालायची. पूर्वेची बाजू मोठेभाईंची, पश्चिमेची आमची. ती भिंत माजघरातून जाणार होती, जिथे दस्तरख्वान घालतो बरोबर त्या जागेवरून. नवे चिरे महाग, म्हणून वादळात खिळखिळी झालेली मागची भिंत उतरवायची आणि तिचेच चिरे मधल्या भिंतीला वापरायचे, असं ठरलं. गवंडी मोठेभाईंनीच गाठला, विसारही त्यांनीच पाठवला. गवंडी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात येणार होता. मृगाच्या आत काम उरकायला हवं. आमचा विरोध नव्हता. खरं सांगायचं तर एकदाची भिंत होऊन जाऊ दे, असंच वाटत होतं.

त्या वर्षी पहिला रोजा २४ मार्चला होता. सहरीला उठलं की बाहेर काळोख असतो, आणि त्या काळोखात सगळ्यांत आधी जो पक्षी बोलतो तो दयाळ. मुंबईकडच्या वाचकांनीही त्याला पाहिलं असेल, काळा-पांढरा, साळुंकीपेक्षा लहान, शेपटी उभी करून बसणारा. वर्षभर तो जेमतेम आवाज करतो, पण उन्हाळा लागला की नराला कंठ फुटतो आणि फजरच्या आधीपासून तो सूर लावतो. वादळात शेंडा गेलेल्या नारळाचा एक खांब आम्ही तोडला नव्हता, तोडायला माणूस मिळाला नाही म्हणून. त्याच्या टोकावर हा बसायचा. तिकडे मशिदीतून सहरीची वेळ संपत आल्याची सूचना आणि इकडे याची शीळ. अम्मी चहा संपवत म्हणायची, “ह्याची नियत आपल्या आधी होते.”

दहा-बारा रोजे झाले असतील. एका दुपारी लेकीने पाहिलं की त्याची मादी चोचीत काथ्याचे धागे घेऊन मागच्या भिंतीकडे जाते आहे. मादी नरासारखी काळी नसते, राखाडी असते, त्यामुळे चिऱ्याच्या भिंतीवर पटकन दिसत नाही. भिंतीत एक भोक होतं. वादळात निखळलेल्या वाशाचं टोक जिथे बसलेलं असे, ती ती खोबण. त्यात ती गवत, मुळं, काथ्या भरत होती. घर बांधायचं काम तिचं एकटीचं, नर जवळच बसून पहारा देतो. सहा दिवसांनी ती बाहेर गेलेली असताना लेकीने हात उंच करून मोबाइलने एक फोटो काढला. चार अंडी. फिकट हिरवट-निळी, त्यावर तपकिरी शिंतोडे.

त्याच संध्याकाळी गवंड्याचा फोन आला, परवा माणसं घेऊन येतो.

शाळेतले गुरुजी पक्ष्यांचे शौकीन आहेत. त्यांना विचारलं तर म्हणाले, उबवायला बारा-तेरा दिवस, पिल्लं उडायला आणखी दोन आठवडे, म्हणजे महिना धरून चाला. आणि सारखं डोकावू नका, मादी घरटं सोडून देईल. त्यांनीच त्या दिवशी मुलांना सालिम अलींची गोष्ट सांगितली. मुंबईतला दहा-बारा वर्षांचा यतीम मुलगा, मामांकडे वाढलेला. छऱ्याच्या बंदुकीने त्याने एक चिमणी पाडली. पाहतो तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग, नेहमीच्या चिमणीसारखी ती नव्हे. आता ही खायला हलाल की नाही, असा प्रश्न पडला. मामांनाही ओळखता येईना. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं, आणि तिथल्या साहेबांनी पक्षी ओळखून, पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटं उघडून त्याला दाखवली. पुढे हाच मुलगा देशातला सगळ्यांत मोठा पक्षितज्ज्ञ झाला. सुगरणीच्या घरट्यांचा त्यांचा गाजलेला अभ्यास आमच्याच किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या किहीमला, १९३० मध्ये झाला. नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर राहते, मग नर दुसरं विणायला घेतो, हे त्यांनी तिथे दिवसच्या दिवस बसून पाहिलं. मुलाला यातलं एकच आवडलं, की एवढा मोठा माणूस खाण्याच्या प्रश्नावरून मोठा झाला.

पण आमच्यापुढचा प्रश्न वेगळा होता. गवंड्याला थांबवायचं तर मोठेभाईंना सांगावं लागणार. विसार त्यांचा, भिंत त्यांची. अम्मीला म्हटलं, तू सांग. ती तसबी फिरवत होती. म्हणाली, “चिमण्यांची वकिली मी करणार नाही. तुमचं तोंड आहे, उघडा.” आमची दुसरी भीती अशी की त्यांना वाटेल, हे निमित्त आहे. वाटणी टाळायला आता पाखरू पुढे केलंय. आणि तसं वाटलं तर त्यांचा दोष तरी काय?

दोन तास घालवून शेवटी आम्ही आवाजी निरोप पाठवला. सलाम केला, भिंतीतल्या भोकाचं सांगितलं, महिनाभर थांबता येईल का विचारलं, फोटो जोडला. दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी गवंडी माणसं घेऊन दारात आला. भोकाकडे बघून त्याने पागोटं सरळ केलं आणि म्हणाला, “मालकांचा फोन होता काल. थांबा म्हणाले. पण मी आता दुसरं काम धरलंय, पावसाआधी जमेल असं सांगत नाही.” आणि गेला.

त्या रात्री तरावीहनंतर मोठेभाईंचा निरोप आला. अडीच वर्षांनंतरचा पहिला. फक्त एवढाच : “नर गातो का अजून?”

आम्ही लगेच उत्तर दिलं नाही, देता आलं नाही. सहरीला उठल्यावर फोन घेऊन परसात गेलो आणि नारळाच्या त्या खांबाखाली उभं राहून एक मिनिटभराचं त्याचं गाणं भरून पाठवलं. आमचा एक शब्दही त्यात नव्हता. मागे भांड्यांचा आवाज आणि अम्मीची खाकर तेवढी आली.

मग रोज चालू झालं. रात्री लेक सांगायची, आज मादी किती वेळा बाहेर गेली, मांजर भिंतीखाली किती वेळ बसलं. तिकडून मोठेभाई सांगायचे. आधी तुटक, मग मोकळं. मुंब्र्याच्या त्यांच्या खिडकीला कबुतरांसाठी जाळी आहे, तरी एक जोडी एसीच्या मागे राहतेच. खाटकांच्या गल्लीवर घारी कशा फिरतात आणि एकीने एका माणसाच्या हातातली पिशवी कशी नेली. इफ्तारला मशिदीत कुणी पपईच्या फोडी आणल्या होत्या, अगदी घरच्यासारख्या. तरावीहनंतर पोरांबरोबर निहारी खाल्ली, पोट बिघडलं, भाभीला सांगू नका. एकदा कामावरून येताना ऐरोलीच्या पुलावरून त्यांना ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी दिसले, हजारोंनी. म्हणाले, चिखलावर कुणीतरी गुलाबी ओढणी वाळत टाकून विसरून गेलंय असं वाटलं. वीस वर्षं त्या रस्त्याने जातोय, म्हणाले, पण कुणाला सांगायचं नसल्यावर माणूस खिडकीबाहेर बघत नाही.

त्यावर लेकीने त्यांना मदरशात ऐकलेली गोष्ट पाठवली. अबू उमैर नावाचा एक लहान मुलगा होता. त्याच्याकडे एक छोटा पक्षी होता, तो मेला. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम त्या घरी गेले की त्याला विचारत, तुझ्या त्या पाखराचं काय झालं? आपल्या घरांत ही हदीस सगळ्यांना माहीत असते. पण उम्मतीचा भार डोक्यावर असताना एका पोराच्या पाखराची आठवण ठेवायची, हे आम्हाला त्या रात्री नव्याने ऐकल्यासारखं वाटलं. मोठेभाईंनी उत्तरात फक्त लेकीला दुआ दिली. त्यांचा आवाज नीट नव्हता.

ईदच्या दोन दिवस आधी भोकातून चिवचिव ऐकू आली. ईद २२ एप्रिलला झाली. दुसऱ्या दिवशी, बासी ईदेला, दुपारच्या गाडीने मोठेभाई आणि भाभी उतरले. येणार म्हणून कळवलं नव्हतं, पण अम्मीने आदल्या रात्रीच तांदूळ भिजत घालायला लावले होते. तिला ठाऊक होतं की काय, हे तिने अजून कबूल केलेलं नाही. भाभी आल्या, बुरखा काढून खुंटीला लावला आणि थेट स्वयंपाकघरात येऊन सांदणाच्या वाट्यांना तेल लावायला बसल्या. अडीच वर्षांचं जे काही होतं ते वाट्यांच्या आवाजात चाललं होतं. मोठेभाई मागे जाऊन भिंतीपासून दहा हात लांब उकिडवे बसले. नर-मादी दोघं अळ्या, नाकतोडे आणत होती, दर पाच-सात मिनिटांनी. तासाभराने ते आत आले आणि म्हणाले, “मादी जास्त कष्ट करते.” भाभी म्हणाल्या, “बघायला इथवर यावं लागलं तुम्हाला.”

रात्री जेवण झालं. सांदणं, मटण, वर शिरखुर्मा उरलेला. ताटं उचलली, आणि कुणी काही न सांगता सगळे बसून राहिले. मुलाने कावळ्याची खबर दिली. लेकीने पिल्लांची. मग मोठेभाईंची पाळी. ते बराच वेळ पेल्याकडे बघत होते.

“त्या दिवशी,” ते म्हणाले, “अब्बांसाठी नानखटाई घेतली होती. सकाळी फोन आला तेव्हा अब्बा जास्त आहेत एवढंच कळलं होतं. म्हटलं, बरे झाले की चहाबरोबर खातील. माणगावला गाडी थांबली तेव्हा ते गेल्याचं कळलं. डबा मांडीवर होता. इथे आलो, कुणाला काय देणार? परत नेला. आठ दिवस तसाच होता. मग एका रात्री मी एकट्याने बसून सगळा खाल्ला.”

खबरीचा नियम असा की त्यात तक्रार नसते. तशी ती नव्हतीच. काय पाहिलं आणि काय खाल्लं, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. आम्ही त्यावर काय बोललो आणि त्यांनी काय उत्तर दिलं, ते आमच्यातच राहू द्या. अम्मीने मात्र शितांची बशी उचलली आणि म्हणाली, “आता उठा, पाहुण्यांची गाद्या-अंथरुणं घाला.” पोटच्या मुलाला ती पाहुणा म्हणाली, आणि तो हसला.

चार पिल्लांपैकी एक वाचलं नाही. खाली पडलं, सकाळी पाहिलं तेव्हा त्याला मुंग्या लागल्या होत्या. मुलाने ते केळीच्या पानात गुंडाळून पुरलं. तीन ५ मे च्या सकाळी बाहेर आली, दिवसभर कुंपणाच्या करवंदीत लपून बसली, नीट उडताही येत नव्हतं. तीन-चार दिवस आईबाप त्यांना तिथेच भरवत होते, मग दिसेनाशी झाली.

गवंडी पावसाआधी आला नाही. मागच्या भिंतीवर ताडपत्री बांधून आम्ही तो पावसाळा काढला. दिवाळीनंतर मोठेभाई पुन्हा आले, गवंड्यालाही बोलावलं. वाटणी मिटली असं म्हणवत नाही. कागदावर दोन बाजू आहेत, घरपट्टी आता दोन नावांनी येते, आणि आगराच्या हिशेबावरून मागच्या ईदेला थोडं वाजलंही. पण मधली भिंत सध्या घालायची नाही, असं मोठेभाईंनी त्याला सांगितलं. मागची भिंत दुरुस्त करून घेतली. भोक बुजवू का, असं त्याने विचारलं तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मोठेभाई म्हणाले, “राहू दे, हवा येते.” त्या भिंतीला दोन खिडक्या आहेत.

काल रात्री त्यांचा निरोप आला. मुंब्र्याच्या स्टेशनबाहेर उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा मिळायला लागल्या आहेत, फार खारट. एसीमागच्या कबुतरीने पुन्हा दोन अंडी घातली. आम्ही सांगितलं : आज तिसऱ्यांचं कालवण होतं, अम्मीने दोनदा घेतलं, आणि सकाळी कावळ्याने बोंबील नेला. टोकाचा.